आमच्या उखळीतली शिकेकाई

९ डिसेंबर, सोमवार

तालुक्याच्या ट्रेनिंगमध्ये बाईंनी प्रत्येक बचत गटाला एक वही दिली. म्हणाल्या, रोजचा प्रयोग लिहा, काय किती घातलं, काय झालं. वहीच्या पुढून मी ते लिहिणार आहे. मागून हे. मागची पानं कोणी उघडत नाही अन् मनातलं बोलावं तर या घरात ऐकायला माणूस नाही. दीपाचे पप्पा शेलूबाजारहून जीप चालवतात, घरी आले की जेवण अन् घोरणं. बुढी, म्हणजे माझी सासू भागिरथा, ऐकते सगळं, पण अर्ध्यात डुलकी घेते.

तर आजपासून आमच्या सुजाता गटानं गोडंबी बंद केली. पक्की बंद. आसेगावात आमच्या मोहल्ल्यातल्या बायांनी दोन पिढ्या बिबे फोडले. हाताला राख चोळायची, बिबा दगडावर ठेवायचा, दुसऱ्या दगडानं ठोकायचा अन् आतली गोडंबी अख्खी काढायची. खाणाऱ्याला ती काजूसारखी लागते. फोडणारीची बोटं मरेपर्यंत काळी राहतात.

मी अनसिंगहून लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्या वर्षात मला तीनदा बिबा उतला. नव्या अंगाला टरफलातलं तेल लागलं की फोड येतात, पाणी सुटतं. माझे डोळे मिटले होते, तोंडाचा भोपळा झाला होता. बुढी म्हणाली, “होते सवय.” अन् झालीच. आता बिब्याच्या तेलात कोपरापर्यंत हात घातला तरी मला काही होत नाही. गटातल्या नऊच्या नऊ बाया तशाच निबर.

त्याच वर्षी मी ठरवलं होतं, मुलगी झाली तर तिचा पायसुद्धा त्या बिब्याच्या शेडमध्ये पडू द्यायचा नाही. दीपा सहा वर्षांची झाली तशी तिला वाशिमला वसतिगृहात टाकली. लोक बोलले, बाई आहे का दगड. बोलोत. आज माझी धम्मदीपा नववीत आहे अन् तिचे हात लोण्यासारखे आहेत. आता आईनंही बिबा सोडला. शिकेकाई, रिठा, आवळा, कडुनिंब. न्हायची पावडर वेगळी, भांड्यांची वेगळी. चांगला वास येईल आमच्या शेडला.

११ डिसेंबर

दिवसभर शेड धुतली. दौलतसिंग किराणावाल्यानं रिठ्याची दोन पोती उतरवून दिली. रिठ्याचं टरफल घ्यायचं अन् आतलं काळं बी फेकायचं. हे काम म्हणजे बिबा फोडण्याचीच बहीण! तेच दगड, तीच बैठक. आमचे हात असे चालले की ट्रेनिंगच्या बाईंनी पाहिलं असतं तर तोंडात बोट घातलं असतं.

विजयमालानं मात्र फाटा फोडला. तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे. म्हणाली, “पौर्णिमा, उखळ नवीन घेऊ ना वं. याच्यात आपुन बिब्याची टरफलं कुटत होतो.”

म्हटलं, “रिठ्याच्या पान्यानं तीनदा धुतली मी. सोनार सोनं रिठ्यानं उजळवते, तुयी उखळ काय मोठी लागून गेली?”

“पन परीट कपड्यावर बिब्याची खून कायले करते मंग? निघत नाई म्हनून.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. दगड अन् कपडा एक आहे का? शिवाय आपणच रिठा विकायचा अन् आपलाच रिठ्यावर भरोसा नाही, हे कसं चालेल? उखळ उन्हात पालथी घातली अन् विषय संपवला.

१८ डिसेंबर

झाली! पहिली खेप झाली. वस्त्रगाळ, तपकिरी, हातात घेतली की शिंका येतात. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, विकायच्या आधी स्वतःवर लावून पाहा, आठ दिवस थांबा. आमच्यात थांबायला धीर कोणाला? पण लावून मात्र सगळ्यांनी पाहिली. नऊ बाया अन् दहावी बुढी. शेडमागे चुलीवर पाणी तापवलं अन् एकीनं दुसरीचं डोकं धुतलं. कोणाला खाज नाही, आग नाही, काही नाही. बुढीचे केस तर असे भुरभुरले की ती आरशात पाहून लाजली. “आता मले पाहाले येतात काय पावने,” म्हणे. हसून हसून पोट दुखलं.

वहीच्या पुढच्या पानावर लिहिलं: दहा जणींवर तपासली. त्रास निरंक.

२२ डिसेंबर, रविवार

दीपाला भेटून आले. आल्या आल्या तिच्या हातात पुडी दिली. पुडीवर माझंच नाव छापलंय, ते तिनं तीनदा वाचलं. मैत्रिणींना ओरडून सांगितलं, “हे मायी मम्मी बनवते!” काय सांगू, मला रडूच आलं. गोडंबीच्या दिवसांत मी भेटायला जायची तर हात पदरात लपवायची. मग ती पोर मुद्दाम पदर बाजूला करून माझा हात धरायची.

वसतिगृहात चौऱ्याऐंशी मुली आहेत. दर रविवारी सकाळी सहाला सगळ्यांचं न्हाणं. आता त्या शाम्पूच्या छोट्या पुड्या वापरतात. माझ्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. चौऱ्याऐंशी डोकी, दर रविवार! दीपाला म्हटलं, तू वापर, वसतिगृहाच्या मॅडमना दाखव. ती म्हणाली, “येत्या रविवारी सगळ्यात पह्यले मीच न्हातो.”

३१ डिसेंबर

दीपाचा फोन. आवाज बसलेला. म्हणाली सर्दी आहे, अन् बागेत मधमाशी चावली, तोंड थोडं सुजलंय, मॅडमनी गोळ्या दिल्यात. मी म्हटलं, झाडाखाली बसायला कोणी सांगितलं? मग पावडरीचं विचारलं. “मस्त हाय,” म्हणाली. मग विचारलं, “मम्मी, तुनं सोता लावून पाह्यली ना?”

म्हटलं, मी काय, तुझ्या आजीनंसुद्धा! ती “बरं” म्हणाली अन् फोन ठेवला. मुलगी हुशार निघतेय, चौकशी करते.

७ जानेवारी

आज मोठी गोष्ट घडली. उकंडरावांची सून साधना गटात आली. उकंडराव म्हणजे गावातलं मोठं वावर असलेलं घर. त्या आळीतली बाई आमच्या शेडमध्ये मांडीला मांडी लावून बसली, आमच्या माठातलं पाणी प्यायली. माझ्या सासूनं तिच्या सासूच्या, कस्तुराबाईच्या अंगणात ओंजळीनं पाणी प्यायलंय, वरून ओतलेलं. बुढी आज एकटक पाहत होती साधनाकडे, एकदाही डुलकी घेतली नाही.

साधना पुण्याकडची, गोरी, बोलकी. पुड्या भरायचं काम घेतलं. म्हणाली, “काकू, मला रिकामं बसवत नाही हो.” मला आवडली.

१४ जानेवारी

साधना तीन दिवस आली नाही. आज आली तर दोन्ही हातांवर पुरळ, बोटांच्या बेचक्यात बारीक फोड. विजयमाला म्हणाली, “शहराचं पानी हाय, नाजूक.” मी म्हटलं, थंडीनं फुटले असतील, खोबरेल लाव. ती लावून पुन्हा पुड्या भरायला बसली.

दीपाच्या पप्पांच्या जीपमधल्या एका मास्तरनंही पुडी परत पाठवली, त्याच्या बायकोच्या कपाळाला आग झाली म्हणे. माझ्या मोबाईलवर एक संदेश आला होता, त्यात दिलंय की वर्षानुवर्षं केमिकल लावलेल्या अंगाला झाडपाला लावला की आधी आतलं जहर बाहेर येतं, मग आराम पडतो. तोच संदेश मास्तरला पाठवला. त्यानं फक्त अंगठा दाखवला. खुशीचा की रागाचा, देव जाणे, आम्ही तर देवही मानत नाही.

२० जानेवारी

दीपाचं काही कळेनासं झालंय. मी विचारते, मॅडमशी बोललीस का ऑर्डरचं? ती म्हणते, मॅडम कामात आहेत. मागच्या वेळीही कामात. आज मी चिडले. म्हटलं, “सरळ सांग ना, मायची लाज वाटते म्हनून.”

ती म्हणाली, “मम्मी, तुमी दुसरं कायी बनवा ना. पापड बनवा.”

पापड! नऊ बाया दीड महिना मरमर करतात अन् ही मला पापड शिकवते. आईच्या हाताला काळं लागलं होतं तेव्हा जवळ यायची, आता हात साफ झाले तर पोरगी लांब पळते. फोन आपटला मी. नंतर वाईट वाटलं. पण केला नाही परत.

२६ जानेवारी

मॅडमनी झेंडावंदनाचे फोटो टाकले. दीपा दरवर्षी पुढच्या रांगेत असते, गाणं तीच म्हणते. या वेळी शेवटच्या रांगेत, तेही कपाळापर्यंत ओढणी गुंडाळून. बाकी सगळ्या पोरी दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी. फोटो मोठा करून पाहिला, तर तोंड दुसरीकडेच फिरवलेलं. बुढी म्हणाली, “वयात आली पोट्टी, लाजत असन.” असेल. पण मला ते बरं वाटलं नाही. तिचे पप्पा म्हणाले, उन्हामुळे असेल. सकाळी साडेसातला कुठलं ऊन?

३० जानेवारी, गुरुवार

आज माझं डोकं इतकं फिरलंय की अक्षर नीट येत नाही.

साधना पंधरा दिवसांपासून आली नव्हती. आज तिची सासू कस्तुराबाई स्वतः शेडमध्ये आली. आयुष्यात पहिल्यांदा. ओट्यावर बस म्हटलं तर उभीच राहिली. म्हणाली, “पौर्णिमाबाई, साधनाचे डोये उघडून नाई राह्यले. मान, छाती, निरा फोडच फोड. मंगरूळले नेलं होतं. मले तं हे बिबा उतल्यासारखं दिसते. तुमच्या मालात एखांदा बिबा तं नाई पडला?”

मला वाटलं, आलं! हे येणारच होतं. सून आमच्या माठाचं पाणी पिते हे हिला पचलं नाही, म्हणून आता बिब्याचं नाव. आमचा बिबा सुटला तरी यांच्या तोंडून आमच्या नावाचा बिबा सुटत नाही.

मी म्हटलं, “बिबा या शेडमध्ये दोन महिन्यांपासून नाई. आमी दहा जनी त्याच पावडरीनं न्हातो, एकीलेई कायी झालं नाई. तुमाले आमच्या हातचं नको तं तसं सांगा. फोडाच्या मागं कायले लपता?”

ती म्हणाली, “मी तसं नाई म्हनलं, बाई.”

“तुमी कधीच म्हनत नाई. तुमी वरून पानी ओतता.”

ती गेली. मागे वळून पाहिलंही नाही. गटातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. विजयमालानं नाही वाजवल्या. ती उखळीपाशी जाऊन, आत बोट फिरवून, बोट नाकाशी धरून बसली. मी विचारलं, काय आहे? म्हणाली, “कायी नाई वं. मले तं सगळ्यालेच बिब्याचा वास येते, जनम गेला त्याच्यात.”

बुढीला सांगितलं की मी कशी कस्तुराबाईला चपराक दिली. मला वाटलं, तिला आनंद होईल. ती म्हणाली, “ते सोता चालून आली का?”

३ फेब्रुवारी

दीपाच्या भरवशावर बसले तर म्हातारी होईन. आज मी थेट मॅडमनाच फोन लावला. बाई किती गोड बोलल्या! म्हणाल्या, “अहो, धम्मदीपानं मला काही सांगितलंच नाही. आपल्या मुलीच्या आईचं उत्पादन, आम्ही नाही घेणार तर कोण?” चौऱ्याऐंशी पुड्या, शनिवारी पोचवायच्या, रविवारी न्हाणं.

नाचले मी. खरंच नाचले, शेडमध्ये, विजयमालाला ओढून. ती म्हणाली, “दीपीले इचारलं काय?” म्हटलं, तिला सरप्राईज!

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी पोतं शिवून जीपमध्ये टाकलं. चौऱ्याऐंशीवर सहा जास्तीच्या, लहान पोरींचे केस लांब असतात म्हणून. पाच दिवस उखळीला उसंत नव्हती, शेवटची पावडर तळातून खरवडून काढली. दीपाच्या पुडीवर पेनानं नाव लिहिलं. रुसली असेल तर तेवढ्यानं हसेल. तिच्या पप्पांना म्हटलं, तिच्या हातात नेऊन द्या. ते म्हणाले, भाडं आहे, उशीर होईल यायला.

उद्या सकाळी सहाला चौऱ्याऐंशी पोरी माझ्या हातच्या पावडरीनं न्हातील. मला तर आत्तापासून तो वास येतोय.

९ फेब्रुवारी, रविवार

वसतिगृहाच्या ओट्यावर बसून लिहितेय. वही पिशवीत होती. हाताला काम नसलं तर मी ओरडेन, म्हणून लिहितेय.

सकाळी सहाला चहा घेताना दीपाचे पप्पा सहज बोलले. “पोट्टीनं पोतं पाह्यलं अन् रडालेच लागली वं. म्हने, पप्पा, वापस घेऊन जा. मी म्हनलं, येडी झाली काय? तेवढ्यात मॅडम आल्या, त्यायनं घेतलं ठेवून.” मग बशीत चहा ओतत म्हणाले, “अन् तिच्या कपायाले काये डाग कायचे हायत? ओढनी सरकली तं दिसले. लग्नाच्या वर्षी तुये होते ना, तसेच.”

मला तेव्हाच कळलं. खरं तर तेव्हा कळलं असं लिहिणं हा खोटेपणा आहे. साधनाचे हात पाहिले होते मी. तसे हात माझेच होते वीस वर्षांपूर्वी, मी ओळखणार नाही? मी ओळखलं नाही, कारण मला ओळखायचं नव्हतं. अन् तपासली कोणावर? दहा जणींवर, ज्यांचं कातडं बिब्यानं कधीच मारून टाकलंय. बुढीनं बशी खाली ठेवली. “पौर्णिमा, फोन लाव, अन् तू जीप काहाड रे,” एवढंच म्हणाली.

मॅडमचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. रस्ताभर लावत होते. पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते.

अंगणात उन्हात सगळ्या पोरी केस मोकळे सोडून बसल्या होत्या. एकमेकींच्या वेण्या घालत होत्या, खिदळत होत्या. असे चमकत होते केस! मला पाहून धावत आल्या. “काकू, मस्त हाय तुमचं!” पाचवीतल्या एका चिमुरडीनं माझ्यासमोर डोकं वाकवलं, “वास पाहा ना, काकू.” मी तिच्या केसांना हात लावू शकले नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. पोरींसमोर, मोठ्यानं. माझ्या पावडरीत उखळीतलं बिब्याचं तेल आहे, मीच घातलंय, चुकीनं, पण मीच. त्या म्हणाल्या, “अहो, घाबरवू नका, मुली तर ठणठणीत आहेत.” तशाच असतात पहिल्या दिवशी. मी हात जोडले, डॉक्टरांना बोलवा म्हटलं. त्या म्हणाल्या, काही झालं तर बघू, रविवार आहे. दीपाचे पप्पा खोबरेल आणायला बाजारात पळाले.

दीपा पायरीवर बसली होती. केस कोरडे, ओढणी डोक्यावर. मी तिची ओढणी मागे सारली. कपाळावर, कानामागे, मानेवर काळेभोर डाग, अन् जुन्या फोडांच्या खपल्या.

“सकाळी पोट दुखते म्हनलं अन् न्हाली नाई,” ती म्हणाली. “दोघी-तिघींले सांगतलं, नका लावू. त्या म्हने, तुयाच मायचं हाय ना, मंग?”

“कधीपासून?”

“पह्यल्या रविवारपासून. तवा मले वाटलं, मायंच अंग तसं हाय. दुसऱ्या रविवारी पुन्हा लावून पाह्यलं, मंग समजलं.”

“मले काहून नाई सांगतलं वं, दीपा?”

ती माझे हात बघत होती. “सांगतलं असतं तं तुमचं काम बंद पडलं असतं. मंग तुले पुन्हा बिबे फोडा लागले असते.”

मी तिला जवळ घेतलं नाही. माझ्या हाताला, लुगड्याला, सगळ्याला ती पावडर लागलेली आहे. दोन हात अंतरावर बसून मी रडले अन् ती बसून राहिली.

दुपारी पोरी जेवल्या. खेळल्या. प्रत्येकीच्या डोक्याला, मानेला तेल चोपडलं, दीपानंच चोपडलं, मी नुसतं ओतून दिलं. मॅडम दारातून बघत होत्या. एकदा हसल्याही. मलाही क्षणभर वाटलं, नाहीच होणार काही, मी उगाच बोंब मारली. तसं झालं तर मी मॅडमच्या पाया पडेन, कस्तुराबाईच्या पडेन, जन्मभर लोक मला हसले तरी चालेल.

आता पावणेपाच झालेत. पाचवीतली ती चिमुरडी आत्ता कान खाजवत आमच्यापाशी आली. तिच्या मागून दुसरी, मान खाजवत. मग जिन्यावरून तिघी उतरल्या. मॅडम फोन घेऊन आत पळाल्या.

दीपानं चिमुरडीचे दोन्ही हात धरले, नखं लागू नयेत म्हणून. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “मम्मी, आज फक्त खाजते. डोये उद्या सकायी मिटतात.”